आपलीच पोरं हरावीत म्हणून

त्या हिवाळ्यात आमच्या गावानं औंढ्याला जाऊन नागनाथापुढं नारळ फोडला, तो आपल्याच पोरांनी हरावं म्हणून. नारळ नेणाऱ्यांत मी नव्हते, पण ती बुद्धी ज्या बोलण्यातून निघाली ते बोलणं माझं होतं. हे मी आजवर कुठं लिहिलं नाही. मायच्या हातच्या जेवणाचं, बाच्या मेंढरांचं, आमच्या माळाचं मी पुष्कळांना सांगत आले. हिंगोलीत शाळेवर होते तेव्हा वर्गातल्या पोरांना गोष्टी सांगताना आमचा माळ हमखास यायचा. हे एवढं मात्र वगळत आले.

आमचं गाव शिरड शहापूरच्या पलीकडं, दोन कोसांवर. घर गावाच्या उगवतीला, माळाला लागून. मातीच्या भिंती, वर पत्रा, आणि शेजारी बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा, तो घराहून मोठा. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडायचे. कोकरं आयांना हाका मारून राहिलेली असायची, बा खोकत खोकत त्यांना नावानं शिव्या द्यायचा, आणि चुलीपुढं माय भाकरी थापायची त्याचा एकसारखा आवाज. लोकरीचा, लेंड्यांचा आणि तव्यावरच्या ज्वारीचा वास एकमेकांत मिसळून जायचा. थंडीत अंबाडीची भाजी, तिच्यात शेंगदाणे आणि ज्वारीच्या कण्या, वरून करडईचं कच्चं तेल. माझा भाऊ मारोती, मी त्याला दादा म्हणायची, एका बैठकीत पाच भाकरी खायचा आणि माय सहावी त्याच्या ताटात न विचारता टाकायची. मला तिसरी मागावी लागायची. याचा मला तेव्हा राग होता का? होता. पण पुढं जे घडलं ते त्या रागातून घडलं असं म्हटलं, तर मी स्वतःला फार स्वस्तात सोडेन.

आमच्याकडं सहा गावांची कबड्डी चालायची. सोयाबीन निघालं की तूर कापणीला येईपर्यंत हात जरा मोकळे असायचे, तेवढ्या दिवसांत दर रविवारी दुपारून सामने. प्रत्येक गाव प्रत्येक गावाशी एकदा खेळायचं. हे सगळं चालवायचे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. त्यांनी एक नियम केला होता. हंगाम संपला की अठरा पुरी झालेल्या नव्या पोरांची यादी निघायची. ज्या वस्त्यांना, तांड्यांना स्वतःचा संघ नव्हता तिथली पोरंही तिच्यात असायची. या यादीतून गावांनी आळीपाळीनं पोरं निवडायची, आणि जे गाव शेवटच्या नंबरावर, त्यानं सगळ्यांत आधी निवडायचं. निवडलेलं पोरगं तीन सालं त्याच गावाकडून खेळणार. दुबळं गाव कायमचं दुबळं राहू नये, असा सरांचा साधा विचार. आम्ही त्याला 'पहिला हात' म्हणायचो. आता माझा भाचा मोबाइलवर मोठमोठ्या संघांचे लिलाव बघत बसतो, त्याला वाटतं हे सगळं शहरातल्या लोकांनी काढलं. सरांना जाऊन कितीतरी वर्षं झाली.

दादा आमच्या संघाचा कप्तान. सव्वीस वर्षांचा, उंचीला बेताचा, मानेनं जाड, चढाईला गेला की खाली वाकून असा सरकायचा की समोरच्याला वाटावं हा काही तरी सांडलेलं शोधतोय. चार वर्षं त्यानं गावाला तिसऱ्या-चौथ्या नंबरावर ठेवलं होतं. मग संघातले चांगले दोघं पुण्याला कंपनीत गेले आणि दादा एकटा पडला. त्या साली आम्ही पहिले चारही सामने हरलो. पैकी दोन सामन्यांत गावाच्या एकूण गुणांत दादाचेच गुण निम्म्याहून जास्त होते, हे मी तोंडपाठ सांगायची. मी दहावीपर्यंत शाळेच्या संघात कबड्डी खेळले होते. पुढं पोरींचा संघच नव्हता, तेव्हा पाय थांबले, डोकं थांबलं नाही. कोण कुठल्या बाजूनं पकड करतो, कोणाचा दम कितव्या मिनिटाला संपतो, कुठलं गाव कोणाशी हरलं तर आमचा नंबर कितवा लागतो, हे मला विचारावं लागायचं नाही, नुसतं माझ्याकडं बघावं लागायचं.

आणि बघणारा होता नामदेवकाका. गावातला शिंपी. त्याच्या दुकानापुढच्या ओट्यावर सगळं कबड्डीचं गाव जमायचं. मी ब्लाऊज टाकायला, काज करून घ्यायला काहीतरी निमित्त काढून जायची आणि काका सगळ्या बाप्या माणसांदेखत विचारायचा, "शोभे, सांग बरं, आता काय झालं पाहिजे?" आमच्या गावात लग्नाच्या वयाच्या पोरीला बाप्यांनी काही विचारावं, आणि तिनं बोलावं, आणि त्यांनी माना डोलवाव्यात, असं दुसरं कुठलंच ठिकाण नव्हतं. त्या ओट्यासाठी मी काहीही केलं असतं. केलंच.

त्या साली यादीत रोहिदास नावाचा एक पोरगा येणार होता. आमच्यापासून कोसावरच्या तांड्यातला. त्याच्या तांड्याचा संघ नव्हता. मी त्याला औंढ्याला शाळेच्या सामन्यांत खेळताना पाहिलं होतं. समोरच्या सात जणांतून तो अशा रितीनं निघून यायचा की ते सातही जण आपापल्या रिकाम्या हातांकडं बघत राहायचे. लोक म्हणतील, पोरगी त्याच्यावर भाळली असेल. तसं काही नव्हतं. तसं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं.

शेवटच्या सामन्याच्या आधीच्या सोमवारी मी ओट्यावर गेले. शेवटचा सामना होता धरणाकाठच्या गावाशी, आणि तेही आमच्यासारखंच चारही हरलेलं. काकानं नेहमीसारखं विचारलं. मी म्हणाले, "काका, हा सामना जिंकून काय व्हनार हाय? पाचवा नंबर. मंग धरणवाले सहावे, पहिला हात त्यांचा, रोहिदास त्यांचा. तीन सालं तो आपल्यालाच हानंल. आन् हरलो तर?"

काकाच्या मशीनवरचा पाय थांबला. "हरलो तर रोहिदास आपला."

"तीन सालं," मी म्हणाले.

ओट्यावर एकानं बोटं मोजून पाहिली. मग एकजण हसला, मग दुसरा, आणि मग सगळेच माझ्याकडं बघून हसायला लागले. काका म्हणाला, "ह्या पोरीचं डोकं पीटीच्या सरापेक्षा बराबर चालतंय." मी घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत आले. सामन्यात उतरणार तो माझा भाऊ आहे, हे मला रस्त्यात एकदाही आठवलं नाही. मी खोटं लिहीत नाही, खरंच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायच्या वेळेलाच काका आणखी दोघांना घेऊन आमच्या घरी आला. मायनं त्यांना पाट दिले, उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढं ठेवल्या. काकानं शेंगा सोलत सोलत सांगितलं. दादा हातातला घास तसाच धरून ऐकत होता.

"म्हंजे मी काय करू?" तो म्हणाला. "मैदानात उतरून हात बांधून उभा राहू?"

"तसं न्हाई रे. खेळ की. फकत जिंकू नको."

"काका, चार सालं मी तुमच्यासाठी खेळलो. हरलो तर तुमी शिव्या दिल्या, त्या बी खाल्ल्या. आता हर म्हनता?"

"गावासाठीच म्हनून राहिलो. आज एक सामना सोडला तर पुढं तीन सालं आपलं राज्य. तूच हिशोब कर."

"मला हिशोब येत न्हाई. चढाईला गेलो की मला समोरची रेघ दिसती आन् मागची रेघ दिसती. मधी तुमचं तीन साल दिसत न्हाई."

बानं ताट बाजूला सारलं. तो म्हणाला, "नामदेवा, पोरं मुद्दाम हरली आन् तो तांड्याचा पोरगा आला, तर त्याला तुमी काय शिकवनार? हरायचं कवा आन् जिंकायचं कवा, हे तुमीच सांगनार का दर वेळी?"

 काका शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाला, "हे माझ्या डोक्यातलं न्हाई. तुमच्या शोभीनंच सांगितलं." आणि उठला.

दादानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादं ओळखीचं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात दिसावं तसं पाहिलं. मग त्यानं तो घास खाल्ला. "गणित बराबर हाय तिचं," तो म्हणाला, "पन मी जिंकायलाच जानार."

तो आठवडा कसा गेला ते सांगते. गिरणीवर मायचा डबा तीन वेळा मागं सरकवला. बा पारावर गेला की तिथली माणसं उठून दुसरीकडं जाऊन बसत. पाणी भरताना बायका मायला ऐकू जाईल असं एकमेकींना म्हणत, की मारोत्याला गावापेक्षा स्वतःचं नाव मोठं झालंय, रोहिदास आला तर याची कप्तानी जाईल म्हणून हा जिंकायला निघालाय. शनिवारी वाड्याचं कुंपण कोणीतरी उघडं टाकलं आणि आमची मेंढरं एकाच्या शेंगा भरलेल्या तुरीत शिरली. बाला हात जोडावे लागले. आणि याच आठवड्यात औंढ्याला नारळ फुटला. मला कोणी काही बोललं नाही. उलट मी दिसले की लोक हसून बघायचे. मी ओट्यावर रोज जात होते.

इथं एक घरातली गोष्ट सांगायला पाहिजे, जी तेव्हा आम्ही चौघं सोडून गावात कोणालाच माहीत नव्हती. दीड वर्षापूर्वी नाल्यात पडलेलं कोकरू काढताना दादाचा डावा घोटा निसटला होता. हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं तो बसवला, पण सांगितलं, हा पाय बाहेरच्या अंगाला पिळला की पुन्हा निसटंल. तेव्हापासून दादा चढाईला जाताना डावा पाय नेहमी मागं ठेवायचा आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, ही माझी ढब आहे. बाहेर कळू द्यायचं नाही, असं मायनं मला देवाची शपथ घालून सांगितलं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी करडईचं तेल कोमट करून, त्यात हळद घालून, त्याचा घोटा चोळायचं काम माझं. कुठल्या जागी बोट टेकलं की तो दात आवळतो, हे मला मायपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी मायनं त्याला दुधात भाकरी कुस्करून दिली. मी जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या घोट्यावर घट्ट गुंडाळली, वरून पायमोजा चढवला. तो म्हणाला, "तू येशील ना?"

"येईन की."

"कुनाच्या बाजूनं वरडशील?"

मी हसले. "गावाच्या."

"मंग ठीक," तो म्हणाला. त्यानं त्याचा काय अर्थ घेतला, मला माहीत नाही. माझ्या मनात काय होतं, तेही तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

शाळेचं मैदान भरून गेलं होतं. एवढे लोक जिंकायच्या वर्षीही आले नव्हते. आम्ही पोरीबाळी शाळेच्या ओसरीवर, मैदानाच्या अगदी कडेला उभ्या. दादाचा संघ आत आला तेव्हा आमच्या गावानं शिट्या मारल्या, आणि धरणवाले आले तेव्हा टाळ्या वाजवल्या. धरणवाले बावचळले. त्यांची स्वतःची माणसं पंचवीस-तीस, आणि आमचं पाचशेचं गाव त्यांच्या नावानं ओरडत होतं. नामदेवकाकानं हलगी आणली होती. दादा पकडला गेला की हलगी वाजायची.

पहिल्या पाच मिनिटांत माझ्या ध्यानात आलं की आमचे तीन गडी खेळतच नाहीत. पकडीला जायचे, हात लावायचे आणि सोडून द्यायचे. उजव्या कोपऱ्यातला गजू, दादाचा लहानपणापासूनचा सोबती, त्यानं एका चढाईवाल्याची मांडी पूर्ण कवेत घेतली होती. मी स्वतः पाहिलं, त्यानं बोटं एकेक करून उघडली. दादानंही पाहिलं. तो गजूजवळ गेला, त्याच्या खांद्यावर थापटून परत आपल्या जागी आला. गजूनं नंतर सगळा सामना खाली मान घालून काढला. गावातल्या माणसांना हे सगळं कळत होतं. "शाब्बास गजू!" असं कोणीतरी ओरडलं आणि मोठा हशा झाला.

दादा एकटा खेळत होता. मैदानात असला की प्रत्येक चढाईला तोच जात होता आणि गुण आणत होता. मागून त्याचीच माणसं "धरा रे मारोत्याला! आडवा पाडा!" म्हणून ओरडत होती, आणि तो वाकून, पाय घासत, श्वासावर कबड्डी कबड्डी म्हणत पुढं सरकायचा. मला आठवतं, अर्ध्या सामन्यानंतर त्याच्या तोंडातून कबड्डी हा शब्द नीट निघत नव्हता, नुसतं घरघरल्यासारखं ऐकू येत होतं. त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. कोणीतरी ओसरीच्या दुसऱ्या टोकाकडून त्याच्या अंगावर मुरमाची मूठ फेकली. बा मैदानाच्या पलीकडं घोंगडी पांघरून उभा होता. तो एकटाच ओरडत नव्हता.

शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. दादा आत गेला. त्यानं डावीकडं हुलकावणी दिली, उजवीकडं दोघांना शिवला आणि वळला. दोन गुण. मागं आला की जिंकला. मधल्या रेघेपासून दोन हातांवर त्यांच्या एकानं त्याच्या कमरेला मिठी मारली, दुसरा पाठीवर पडला, तिसरा त्या दोघांवर. दादा त्या तिघांना ओढत होता. पालथा पडला होता, हात पुढं केला होता, आणि मातीत बोटं रुतवून रुतवून रेघेकडं सरकत होता. त्याची बोटं आणि रेघ यांत वीतभर अंतर राहिलं. आणि मैदान गप्प झालं. हलगी थांबली. मला वाटतं, त्या घडीला आमच्या गावालाही काय हवं ते कळेनासं झालं होतं. दोन-चार म्हाताऱ्यांच्या तोंडून तर "आरं चल, चल" असं निघत होतं.

मला मात्र काय हवं ते ठाऊक होतं. सगळा आठवडा मी गणित मांडलं होतं, सगळा ओटा माझ्या गणितावर उभा होता, आणि हा माणूस ते वीतभर अंतरावर मोडायला निघाला होता. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "डावा पाय! त्याचा डावा घोटा पिळा, बाहेरून!"

त्या शांततेत ते मैदानातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. कमरेला मिठी मारलेल्यानं मिठी सोडली, खाली सरकला, माझ्याच हातानं बांधलेल्या पट्टीवर त्याची पकड बसली आणि त्यानं पाय बाहेरच्या अंगाला पिळला. आवाज आला. ओसरीपर्यंत आला. दादा ओरडला नाही. त्याचा पुढं केलेला हात तेवढा सैल झाला, आणि पंचानं शिटी मारली.

मग जे झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. हरलेल्या गावानं गुलाल उधळला. हलगी सुरू झाली, पोरं नाचायला लागली. धरणवाले जिंकून एका कोपऱ्यात उभे, त्यांना कोणी विचारीना. बा आणि गजूनं दादाला उचलून जीपमध्ये घातलं, तर लोकांनी जीपला गराडा घातला आणि दादाच्या तोंडावर, केसांवर गुलाल फासला. नामदेवकाका जीपमध्ये डोकं घालून म्हणाला, "मारोत्या, लई मोठं काम केलंस तू. गाव विसरनार न्हाई." त्याला खरंच तसं वाटत होतं. दादाचा चेहरा गुलालानं लाल होता, त्यामुळं त्याला काय वाटत होतं ते कोणालाच दिसलं नाही. मी ओसरीवरून खाली उतरले नाही.

नांदेडला नेलं, पायात सळई घातली. महिन्यानं घरी आला तेव्हा बानं एकदा विचारलं, "म्या लांब व्हतो, नीट ऐकू आलं न्हाई. त्यायला घोट्याचं कसं कळलं रे?" मी चुलीपाशी होते.  दादा म्हणाला, "खेळात कळतंच, बा." बस. त्यानं मला शिवी दिली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, मायला सांगून घराबाहेर काढलं असतं, तर मला त्यानंतरची वर्षं सोपी गेली असती. संध्याकाळी मी सवयीनं तेलाची वाटी घेऊन त्याच्या बाजेपाशी गेले. तो शांतपणे म्हणाला, "राहू दे. माय करंल."

पाय वाकडाच बसला. मेंढरांमागं माळ तुडवणं संपलं. सेनगावकडची एक पोरगी त्याच्यासाठी जवळजवळ ठरली होती. ती माणसं येऊन, चहा पिऊन, त्याला अंगणात चालताना बघून गेली आणि पुन्हा आली नाहीत. मायनं त्या दिवशी भाकरी केली नाही. बानं निम्मी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली केली. हे सगळं एकामागोमाग होत गेलं आणि प्रत्येक वेळी मी घरात होते, पाणी आणून देत होते, ताटं वाढत होते.

आणि रोहिदास आला. हे लिहिणं मला सगळ्यांत अवघड जातंय, कारण माझं गणित खरं ठरलं. तो आला आणि आमचं गाव पुढच्या साली एकही सामना हरलं नाही. पोरगा चांगला होता, बोलायला मऊ, डोळे खाली. हंगाम संपला त्या दिवशी मिरवणूक आमच्या दारात आणून थांबवली. नामदेवकाका ओरडला, "बघा रे, ह्या शोभीचं डोकं! हिनं सांगितलं व्हतं, आज हरा आन् उद्या जिंका!" लोकांनी माझ्या नावानं टाळ्या वाजवल्या. वर्षभरापूर्वी त्या टाळ्यांसाठी मी जीव टाकला असता. दाराची चौकट धरून मी उभी राहिले आणि त्या ऐकून घेतल्या.

भाचा कधीकधी मोबाइलवरून मान वर काढून विचारतो, "आत्या, ह्या संघाचं काई खरं न्हाई. आता हरलेलंच बरं ना ह्यांनी? पुढल्या साली चांगला गडी भेटंल." तो दादाचा पोरगा. दादाचं लग्न पुढं झालं, उशिरा झालं, पण झालं. मी त्याला म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही. खरं तर कळतं. हरल्यानं फायदा होतो. आमचा झाला. गावाला विचारा, ते आजही सांगतील की तो सामना हरलो म्हणून सुखाचे दिवस आले, आणि त्यात कोणाचा पाय गेला ते त्यांना जरा आठवून सांगावं लागेल.

त्या मिरवणुकीतून रोहिदास एकटा आत आला. गळ्यात हार होता तो काढून त्यानं बाजेवर ठेवला आणि दादाच्या पाया पडला. म्हणाला, "कप्तान, तुमची ती खाली वाकून जायची चढाई मला शिकवा." दादा हसला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं. त्यानं बाजेवर बसल्या बसल्या हातानं दाखवलं, खांदा कसा टाकायचा, नजर कुठं ठेवायची. मी दोघांसाठी चहा घेऊन आले. दादानं माझ्या हातातून कप घेतला, रोहिदासकडं बघतच म्हणाला, "आन् एक ध्यानात ठेव. तुला कुठं दुखतं, ते कुनाला सांगू नको. घरच्यायला बी न्हाई."

रोहिदासला ते खेळाचं बोलणं वाटलं. तो "व्हय, व्हय" म्हणत चहा प्याला. दादानं चहा संपवून कप माझ्या हातात दिला, आणि "गोड झाला," म्हणाला.

दादा आता म्हातारा झालाय. भाऊबीजेला मी जाते, ओवाळते, तो ताटात साडी ठेवतो, माझ्या पोरांची चौकशी करतो, कधी आवाज चढवून बोलत नाही. मागच्या साली पावसाळ्यानंतर त्याच्या छातीत दुखायला लागलं. दोन महिने दुखत होतं. नांदेडला दाखल केलं, घरी आणलं, गोळ्या चालू झाल्या. मला हे औंढ्याच्या बसस्टँडवर त्यांच्या गल्लीतल्या एका बाईनं सांगितलं. तिला वाटलं, मला ठाऊक असेलच. मी तिथूनच उलटी जीप पकडून गेले. तो अंगणात खुर्चीवर ऊन खात बसला होता. मी समोर बसले, त्याचा हात धरला आणि विचारलं, "दादा, कुठं दुखतंय रे?"

त्यानं हळूच हात सोडवून घेतला आणि सुनेला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं.

"काई न्हाई," तो म्हणाला. "बरं हाय."